पहिला बहिष्कार घालण्यापूर्वी: तत्त्वासाठी एखादी वस्तू सोडू पाहणाऱ्यांसाठी

एखादी वस्तू परवडते, आवडते, सहज मिळते आणि तरीही ती बनवणाऱ्या कंपनीचे वागणे पटत नाही म्हणून आपण ती घ्यायची नाही असे ठरवतो, तेव्हा आपण तत्त्वासाठी बहिष्कार घातलेला असतो. गेली अकरा वर्षे मी असे बहिष्कार घालत आले आहे. त्यांपैकी पहिला प्रयत्न पूर्ण फसला, एक बहिष्कार कंपनीने मागणी मान्य केल्यामुळे संपला आणि एक अजून चालू आहे. ज्यांच्या मनात एखाद्या कंपनीबद्दल राग किंवा अस्वस्थता आहे, पण सुरुवात कुठून करावी हे उमगत नाही, त्यांच्यासाठी मी हे पायरीपायरीने लिहीत आहे. सर्वांत महत्त्वाचे आधीच सांगून टाकते. कंपनीला न कळवता आपण एखादी वस्तू घेणे थांबवले, तर कंपनीच्या दृष्टीने तो केवळ एक गिऱ्हाईक कमी झाल्याचा हिशेब असतो. ते गिऱ्हाईक का गेले आणि काय केल्यास परत येईल, हे तिला कळले तरच त्याला बहिष्काराचे बळ येते.

पायरी १: कारण आणि मागणी एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि हे वाक्य पूर्ण करा: 'अमुक कंपनीने अमुक केले, म्हणून अमुक होईपर्यंत मी तिची अमुक वस्तू घेणार नाही.' चारही ठिकाणचे 'अमुक' भरता आले पाहिजे. बहुतेकांची गाडी तिसऱ्या जागेवर अडते, कारण संताप येणे सोपे असते, परंतु नेमके काय झाले म्हणजे आपले समाधान होईल हे सांगणे कठीण असते. 'कंपनीने चांगले वागावे' ही मागणी नव्हे. 'बंद केलेल्या कारखान्यातल्या कामगारांची थकलेली देणी चुकती करावीत' ही मागणी आहे; ती पूर्ण झाली की नाही हे पाहता येते.

हे वाक्य लिहिताना आणखी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्यावी लागते. काही जण वस्तू सोडतात ते आपला पैसा त्या कृत्यात मिसळू नये म्हणून, तर काही जण कंपनीला बदलायला भाग पाडावे म्हणून. दोन्ही हेतू प्रामाणिक आहेत, परंतु त्यांचे मार्ग वेगळे आहेत. पहिल्या हेतूसाठी एकट्याने आणि शांतपणे सोडले तरी पुरते. दुसऱ्यासाठी पत्रे, सोबती आणि चिकाटी लागते. इतिहासात हे दोन्ही हेतू अनेकदा एकत्र आलेले दिसतात. एप्रिल १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा तिथल्या असंख्य कुटुंबांनी वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या श्रमातून येणारी साखर वापरणे सोडले. त्यांत ज्यांना मतदानाचा अधिकारच नव्हता अशा स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. घरात काय यावे आणि काय येऊ नये हे मात्र त्यांच्या हातात होते. साखर सोडणाऱ्यांची संख्या तीन लाखांच्या घरात गेल्याचा अंदाज त्या चळवळीतले कार्यकर्ते थॉमस क्लार्कसन यांनी नोंदवून ठेवला आहे. त्या माणसांना आपल्या हाताला रक्त लागू द्यायचे नव्हते आणि व्यापारही थांबवायचा होता. ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली ती १८०७ मध्ये, आणि वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला तो १८३३ मध्ये. म्हणून पहिल्या महिन्यात काहीच घडले नाही तर निराश होऊ नका, असे मी नवीन माणसाला नेहमी सांगते.

पायरी २: एकच कंपनी निवडा

माझा पहिला प्रयत्न फसला तो इथेच. एका आठवड्याच्या वाचनानंतर मी अकरा कंपन्यांची यादी केली होती: कोणी प्राण्यांवर चाचण्या करणारी, कोणी कर चुकवणारी, कोणी जंगले तोडून मिळवलेले तेल वापरणारी. प्रत्येक कारण खरे होते. परंतु साबणापासून फोनपर्यंत प्रत्येक खरेदीच्या वेळी यादी काढून बघावी लागे, घरातली माणसे वैतागत आणि महिन्याभरात त्या यादीतली चारपाच नावे मी सोयीस्करपणे विसरू लागले. चौथ्या महिन्यात सगळेच सुटले. त्या अकरा कंपन्यांपैकी एकीलाही मी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती, त्यामुळे माझ्या चार महिन्यांच्या कष्टांचा कोणाला पत्ताही लागला नाही.

निवड करताना मी आता तीन प्रश्न विचारते. अन्याय गंभीर आणि नीट नोंदलेला आहे का? ती कंपनी तो स्वतःच्या अधिकारात थांबवू शकते का? आणि मी खरोखर तिची गिऱ्हाईक आहे का? शेवटच्या प्रश्नाकडे फार दुर्लक्ष होते. जी वस्तू आपण कधी घेतलीच नसती, तिच्यावरच्या आपल्या बहिष्काराने कंपनीचे काहीच उणे होत नाही. त्या बाबतीत पत्र लिहावे, निवेदनावर सही करावी, पण त्याला बहिष्कार म्हणू नये.

पायरी ३: आरोप मुळापर्यंत तपासा

या पायरीवर हवा तेवढा वेळ घालवा. काही वर्षांपूर्वी एका साबण कंपनीविषयीचा संदेश माझ्याकडे आला. सोबत छायाचित्र होते, आकडे होते, वाचून झोप उडेल असा मजकूर होता. मी तो तसाच चाळीसेक जणांना पाठवला. तीन दिवसांनी एका मैत्रिणीने शोध घेतला, तेव्हा ते छायाचित्र कितीतरी वर्षे जुने आणि नावाने मिळत्याजुळत्या, पण पूर्णपणे वेगळ्या कंपनीच्या कारखान्याचे निघाले. मी त्या चाळीस जणांना एकेक करून दुरुस्ती पाठवली. त्यांच्यापैकी किमान दोघांनी नंतर माझ्या एका खऱ्या आणि पुराव्यानिशी मांडलेल्या आवाहनाकडेही पाठ फिरवली, आणि मला त्यांना दोष देता आला नाही.

तपासताना पुढील गोष्टी पाहाव्यात. आरोप प्रथम कोणी केला आणि कधी? तो न्यायालयाच्या निकालात, सरकारी तपासणीच्या अहवालात किंवा कामगार संघटनेच्या निवेदनात सापडतो का, की एका बातमीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असे त्याचे केवळ पडसाद आहेत? कंपनीने काय उत्तर दिले? ते उत्तर न पटणारे असले तरी वाचलेच पाहिजे, कारण आपल्या पत्राला येणारे पहिले उत्तर बहुधा तेच असते. आणि आज परिस्थिती काय आहे? कंपनीने दोन वर्षांपूर्वीच ती पद्धत सोडली असेल, तर आपण मिटलेल्या भांडणात उतरत असतो.

आकड्यांच्या बाबतीत तर विशेष काळजी हवी. १९९५ मध्ये उत्तर समुद्रातली ब्रेंट स्पार ही तेल साठवण्याची प्रचंड तरंगती टाकी खोल समुद्रात बुडवण्याची शेल कंपनीची योजना होती. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने तिला विरोध केला, युरोपात, विशेषतः जर्मनीत, वाहनचालकांनी शेलच्या पेट्रोल पंपांकडे पाठ फिरवली, आणि २० जूनला कंपनीने योजना मागे घेतली. बहिष्कार यशस्वी झाला. परंतु टाकीत किती तेल शिल्लक आहे याविषयी ग्रीनपीसने दिलेला अंदाज खूपच फुगलेला निघाला आणि त्याच वर्षी संघटनेला त्याबद्दल माफी मागावी लागली. ती टाकी पुढे नॉर्वेत नेऊन तिच्या भागांचा उपयोग धक्का बांधण्यासाठी करण्यात आला, म्हणजे समुद्रात न बुडवण्याचा मार्ग खरोखरच उपलब्ध होता. तरीही त्या प्रकरणाची चर्चा निघाली की तो चुकलेला आकडा अजूनही पुढे केला जातो. ज्या आकड्याची खात्री नाही तो पत्रात घालू नका. आकड्याशिवायही अन्याय सांगता येतो.

पायरी ४: डब्याची मागची बाजू वाचायला शिका

ब्रँडचे नाव पुढच्या बाजूला ठळक असते आणि मालकाचे नाव मागे बारीक अक्षरांत. शाम्पूची बाटली हातात घ्या आणि उलटी करा. घटकपदार्थांची यादी संपते, त्याच्या खाली बहुधा दोनतीन ओळी असतात: एकीत निर्मिती कोणी केली, दुसरीत विपणन कोणाचे, क्वचित तिसरीत बोधचिन्ह कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या परवान्याने वापरले आहे. निर्मिती करणारा अनेकदा कंत्राटदार असतो आणि तो एकाच कारखान्यात चार वेगवेगळ्या ब्रँडचा माल भरतो. आपल्याला हवी असलेली ओळ विपणनाची किंवा बोधचिन्हाची. मी पहिल्यांदा असे वाचले तेव्हा बहिष्कारातली एक बाटली खाली ठेवून, तिला पर्याय म्हणून दुसरी उचलली होती. दोन्हींच्या पाठीवर शेवटच्या ओळीत एकाच कंपनीचे नाव होते. रंग वेगळे, वास वेगळा, आणि पैसा एकाच खिशात जाणारा.

मालकी बदलते, हेही ध्यानात ठेवावे. प्राण्यांवरच्या चाचण्यांना ठाम विरोध करणारी म्हणून ओळखली जाणारी द बॉडी शॉप ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी २००६ मध्ये त्याच व्यवसायातल्या लॉरियल या बड्या कंपनीने विकत घेतली, तेव्हा तिच्या अनेक जुन्या ग्राहकांसमोर पेच उभा राहिला: दुकान तेच, तत्त्वे तीच असल्याचे सांगितले जात होते, पण नफा जाणार होता तो ज्या कंपनीला ते टाळत आले होते तिच्याकडे. २०१७ मध्ये ती पुन्हा विकली गेली. वर्षातून एकदा तरी मालकी तपासून पाहावी, एवढाच याचा व्यवहारातला अर्थ.

आता प्रश्न येतो तो रेघ कुठे ओढायची याचा. फक्त तो ब्रँड सोडायचा, की मूळ कंपनीचे सगळेच? तिचा एखादा सुटा भाग दुसऱ्याच्या यंत्रात असेल तर? माझा नियम असा आहे की ज्या कंपनीला निर्णय बदलता येतो तिच्या नावाने विकली जाणारी आणि तिच्या पूर्ण मालकीची उत्पादने मी सोडते. सुट्या भागांच्या मागे लागत नाही. तुमची रेघ याहून कडक किंवा सैल असू शकते. ती आधी लिहून ठेवलेली असावी, म्हणजे दुकानात उभे राहून सोयीप्रमाणे सरकवली जात नाही.

घरात आधीपासून असलेल्या वस्तू टाकून देऊ नका. त्यांचा पैसा कंपनीला कधीच पोहोचला आहे. चांगली वस्तू कचऱ्यात गेल्याने कोणाचेही भले होत नाही. माझा आजही चालू असलेला बहिष्कार एका प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीवर आहे. तिने एका अद्ययावतीकरणातून माझ्या यंत्राला दुसऱ्या कोणाचेही कार्ट्रिज चालेनासे केले, आणि तेही आधी न विचारता. ते यंत्र मी अजून वापरते, जुनी कार्ट्रिज पुन्हा भरून घेते, पण त्या कंपनीचे नवे काहीही विकत घेत नाही.

पायरी ५: पर्याय आधी, त्याग नंतर

ज्या वस्तूशिवाय दिवस जात नाही ती सोडायची असेल, तर आधी पर्याय शोधा, महिनाभर वापरून पाहा आणि मगच बहिष्कार जाहीर करा. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्काराच्या शेजारी स्वदेशी आहे, ते उगाच नव्हे: विलायती कापड सोडायचे तर अंगावर घालायला दुसरे कापड लागणारच.

याचे मला भावलेले उदाहरण अमेरिकेतल्या माँटगोमेरीचे आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिल्याबद्दल अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून शहरातल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस टिकला. कामावर जाणाऱ्या हजारो माणसांना रोज नेण्याआणण्यासाठी सुमारे ३०० खासगी गाड्यांची व्यवस्था उभी राहिली. ठरलेल्या जागी गाड्या थांबत, ठरलेल्या वेळी निघत. बाकीचे मैलोगणती चालत गेले. त्यांच्या सुरुवातीच्या मागण्याही किती नेमक्या होत्या ते पाहण्यासारखे आहे: चालकांनी सभ्यपणे वागावे, जो आधी चढेल त्याला जागा मिळावी, कृष्णवर्णीय वस्तीतल्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. शेवटी बसमधल्या वेगळ्या जागांची पद्धत घटनाबाह्य ठरवणारा निकाल न्यायालयातून आला आणि डिसेंबर १९५६ मध्ये बहिष्कार संपला. बहिष्कार आणि खटला एकमेकांच्या आधाराने चालले होते.

औषधे आणि वैद्यकीय साधने यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही बदल करू नका. लहान मुले, आजारी किंवा वृद्ध माणसे ज्या वस्तूवर अवलंबून आहेत, तिचा निर्णय त्यांच्या सोयीने व्हावा. तिथे कंपनीला पत्र लिहिणे हाच मार्ग उरतो आणि तो पुरेसा सन्मान्य आहे.

पायरी ६: कंपनीला लिहा

हे काम लोक टाळतात, आणि नेमके हेच सर्वांत जास्त उपयोगाचे आहे. कारखाना बंद करून कामगारांची देणी थकवणाऱ्या एका कंत्राटदाराकडून माल घेणाऱ्या जोड्यांच्या कंपनीला मी लिहिलेले पत्र साधारण असे होते:

'मी गेली सहा वर्षे आपल्या कंपनीचे जोडे वापरते. या काळात मी चार जोड विकत घेतले असून त्यांच्या पावत्या माझ्याकडे आहेत. आपल्यासाठी माल बनवणारा कारखाना बंद झाल्यानंतर तिथल्या कामगारांना कायद्याने देय असलेली रक्कम मिळालेली नाही, असे त्यांच्या संघटनेने जाहीर केले आहे. ती रक्कम त्यांना मिळेपर्यंत मी आपले कोणतेही उत्पादन घेणार नाही. ती मिळाल्याचे कामगारांच्या संघटनेने सांगितल्यास मी पुन्हा आपली ग्राहक होईन. याबाबत आपण कोणती पावले उचलणार आहात ते कृपया ३० दिवसांत कळवावे.'

या पत्रात शिवी नाही, विशेषणही जवळजवळ नाही. मी खरी ग्राहक आहे हे पहिल्याच दोन वाक्यांत सिद्ध होते, आणि परतीचा रस्ता उघडा ठेवलेला आहे. कंपनीत हे पत्र वाचणारा माणूस बहुधा निर्णय घेणारा नसतो. तो पत्रे वर्गवारीत घालतो. म्हणून विषयाच्या ओळीतच कारण आणि 'बहिष्कार' हा शब्द ठेवा, म्हणजे पत्र 'सर्वसाधारण तक्रार' या ढिगात जात नाही. एक प्रत ग्राहक सेवेला, दुसरी भागधारकांशी संबंध पाहणाऱ्या विभागाला आणि तिसरी, शक्य असल्यास, जिथून आपण ती वस्तू घेत होतो त्या विक्रेत्याला पाठवा. विक्रेत्यांचे म्हणणे कंपन्या फार लक्षपूर्वक ऐकतात.

पहिले उत्तर छापील असते: 'आपले मत आम्हाला मोलाचे आहे, आम्ही सर्व नियमांचे पालन करतो.' ते मिळाले की थांबू नका. त्याच पत्राचा संदर्भ देऊन, माझ्या या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही, असे दोन ओळींत लिहा. मागणी पूर्ण होईपर्यंत जोड्यांच्या त्या कंपनीला मी एकूण पाच पत्रे लिहिली. चौथ्या पत्राला पहिल्यांदाच एका माणसाच्या सहीचे उत्तर आले, आणि त्यात कंत्राटदाराशी बोलणी चालू असल्याचे मान्य केलेले होते. सगळी पत्रे आणि उत्तरे तारखेसह एका वहीत किंवा फोल्डरमध्ये ठेवा. सोबती मिळाले की त्यांना दाखवायला हीच शिदोरी उपयोगी पडते.

सार्वजनिक ठिकाणी लिहिताना जे सिद्ध करता येते तेवढेच लिहा. 'मी हे घेणार नाही आणि कारण हे' असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पुराव्याशिवाय गुन्ह्याचा आरोप केला तर बदनामीचा दावा तुमच्यावर येऊ शकतो.

पायरी ७: ज्यांच्यासाठी लढायचे त्यांना विचारा

प्रश्न कामगारांचा असेल, तर त्यांना बहिष्कार हवा आहे का, हे शोधणे आपले कर्तव्य आहे. मागणी घटली की कंपनी सर्वांत आधी ज्यांना कामावरून काढते ते हेच लोक असतात. कॅलिफोर्नियातल्या डेलानो येथे सप्टेंबर १९६५ मध्ये द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो मजुरांनी लॅरी इट्लिओंग यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला, काही दिवसांतच सेझर चावेझ आणि डोलोरेस हुएर्ता यांची संघटना त्यांना येऊन मिळाली, आणि पुढे द्राक्षे घेऊ नका अशी विनंती देशभरातल्या ग्राहकांना स्वतः मजुरांनीच केली. जुलै १९७० मध्ये मळेमालकांनी करारावर सह्या केल्या. हाक मजुरांची होती, आणि कधी थांबायचे हेही तेच सांगणार होते.

याउलट, २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातली राणा प्लाझा ही कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे दगावली, त्यानंतर जगभरातल्या पुष्कळ ग्राहकांना तिथे शिवलेले कपडे सोडून द्यावेत असे वाटले. कामगार संघटनांचा भर मात्र मोठ्या ब्रँडनी तिथून निघून न जाता सुरक्षेची जबाबदारी घ्यावी यावर होता, आणि त्याच वर्षी इमारतींच्या व आगीच्या सुरक्षेविषयी कायद्याने बंधनकारक असा करार झाला. कपडे उद्योगातल्या कामगारांसाठी काम करणारी क्लीन क्लोद्स कँपेन ही संघटना कामगारांनी स्वतः मागणी केल्याखेरीज सहसा बहिष्काराची हाक देत नाही. हे वाचल्यापासून मी माझा स्वतःचा नियम बदलला. जोड्यांच्या कंपनीच्या बाबतीत कामगारांच्या संघटनेचे आवाहन पाहिल्यानंतरच मी पहिले पत्र लिहिले.

पायरी ८: माणसांना दूर ठेवू नका

इंग्रजीत बहिष्काराला जो शब्द आहे, तो एका माणसाच्या आडनावावरून आला. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांना घालवून देण्याच्या प्रकरणावरून लोकांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले: शेतावर मजूर जाईनात, दुकानदार माल देईनात, टपालही पोहोचेना. दुबळ्या कुळांच्या हातातले ते शस्त्र होते, आणि ते बळकटाच्या विरुद्ध वापरले गेले. परंतु हेच शस्त्र बळकटाच्या हातात गेले की काय होते, हे 'वाळीत टाकणे' हा शब्द ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून कंपनीच्या निर्णयाविरुद्धचा बहिष्कार कोणत्याही जातीच्या, धर्माच्या किंवा भाषेच्या माणसांविरुद्ध वळू लागला, तर मी त्यातून त्याच क्षणी बाहेर पडते.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ अगदी साधा आहे. काउंटरवर उभ्या असलेल्या मुलाला जाब विचारू नका. निर्णय त्याचा नाही. पाहुण्यांच्या घरी समोर आलेली वस्तू हा वादाचा विषय करू नका. माझ्या आत्याने एकदा मोठ्या हौसेने मला त्याच कंपनीचे जोडे भेट दिले. ते परत करावेत असा विचार माझ्या मनात आला होता. मी ते ठेवून घेतले, आणि काही दिवसांनी, ती निवांत असताना, मी ते जोडे का घेत नाही हे तिला सांगितले. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "आधी बोलली असतीस तर मी दुसरे आणले असते." पुढची तिन्ही पत्रे पाठवण्याआधी मी तिला वाचून दाखवली. शेवटच्या पत्रावर तिचीही सही आहे.

चूक झाली, तर ती वहीत लिहून पुढे चला. प्रवासात, घाईत, दुसरे काहीच मिळत नाही म्हणून एखादी खरेदी होते. मी अशा दोन खरेदी नोंदवून ठेवल्या आहेत. नोंद केली म्हणजे चूक अपवाद राहते.

पायरी ९: परतायचे कधी ते पाहत राहा

मागणी पूर्ण झाल्यावरही बहिष्कार चालूच ठेवला, तर कंपनीला पुढच्या वेळी ऐकण्याचे काही कारण उरत नाही. दुसरीकडे, नुसत्या घोषणेवर विसंबूनही चालत नाही. बाळांच्या दुधाच्या भुकटीच्या जाहिरातबाजीवरून नेस्ले कंपनीवरचा बहिष्कार १९७७ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा उत्पादनांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली, कंपनीने ती पाळण्याचे मान्य केल्यावर १९८४ मध्ये बहिष्कार स्थगित झाला, आणि दिलेला शब्द पाळला जात नाही असे सांगत कार्यकर्त्यांनी १९८८ मध्ये तो पुन्हा सुरू केला. ज्यांनी हाक दिली त्यांनीच लक्ष ठेवले, म्हणून हे शक्य झाले. वर्णद्वेषी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेवर घातलेले आर्थिक निर्बंध उठवा असे जगाला सांगितले ते सप्टेंबर १९९३ मध्ये नेल्सन मंडेला यांनी, संयुक्त राष्ट्रांसमोर. सत्तांतराचा मार्ग तोवर निश्चित झाला होता.

तुमच्या पहिल्या कागदावरचे वाक्य दर तीन महिन्यांनी काढून वाचा. मागणी अर्धीच पूर्ण झाली असेल, तर तसे कंपनीला लिहा: एवढ्याबद्दल आभार, उरलेले अजून बाकी आहे. प्रिंटरच्या कंपनीने नंतर अद्ययावतीकरणाआधी एक सूचना दाखवायला सुरुवात केली, पण नकार देण्याची सोय दिलेली नाही. मी तिला नेमके हेच लिहिले आहे आणि तो बहिष्कार चालू आहे.

जोड्यांच्या बाबतीत दोन वर्षे आणि चार महिन्यांनी कामगारांच्या संघटनेने देणी मिळाल्याचे जाहीर केले. मी त्याच आठवड्यात कंपनीला सहावे पत्र लिहिले: मागणी पूर्ण झाली आहे, माझा बहिष्कार आजपासून संपला आहे, आणि ज्या अधिकाऱ्याने सहीनिशी उत्तर दिले त्यांच्यापर्यंत हे पोहोचवावे. त्यानंतर मी आणि आत्या दुकानात गेलो. तिने तिच्या मापाचे घेतले, मी माझ्या, आणि दोन्ही पावत्या पत्रांच्या फोल्डरमध्ये शेवटच्या पानावर लावल्या.